दहाच्या आत संपणाऱ्या पार्टीसाठी गोवा ट्रान्स कसा करायचा

गोवा ट्रान्स, म्हणजे नव्वदच्या दशकात गोव्याच्या किनाऱ्यावर घडलेला यंत्रसंगीताचा नाचरा प्रकार, संपला का, हा प्रश्न दर हंगामात कोणीतरी विचारतंच. २०२३ च्या ऑक्टोबरात या संगीताचे जुने डीजे गोवा गिल गेले तेव्हा तर फोन करून विचारणारेही निघाले. मी सिंधुदुर्गातल्या बांद्याचा. साउंड भाड्याने देतो. हिवाळ्यात गोव्यात हणजूण-वागातोरला, बाकी वर्षभर लग्नं, जत्रा, दशावतार. त्यामुळे माझं उत्तर साउंडवाल्याचं आहे. संगीत कुठल्यातरी जागेसाठी, कुठल्यातरी वेळेसाठी बनतं. जागा आणि वेळ बदलली तरी संगीत हटून बसलं, की त्याच्या फोटोला हार घालायची पाळी येते.

म्हणून ‘१९९६ सारखा ट्रॅक कसा करावा’ हे मी सांगणार नाही. ते शिकवणारे व्हिडिओ ढिगाने पडलेत. दुपारी चारला सुरू होऊन रात्री दहाला बंद पडणाऱ्या पार्टीसाठी ट्रॅक कसा करायचा, एवढंच सांगतो.

आधी जुन्या ट्रॅकची चिरफाड

१९९४ ते १९९७ मधले चार-पाच ट्रॅक घ्या. हॅल्युसिनोजेनचा १९९५ चा पहिला अल्बम, मॅन विथ नो नेम, ॲस्ट्रल प्रोजेक्शन, ज्युनो रिॲक्टर, एवढं पुरे. कागदावर मिनिट-सेकंद टिपा. किक (ढोलासारखा मुख्य ठोका) कधी आली, बेस कधी, पहिली धून कधी, तिच्यावर दुसरी कधी चढली. मग प्रत्येक नोंदीपुढे ‘का?’ लिहा. हा ‘का’ महत्त्वाचा. नुसत्या नोंदी काढून कोणी शहाणा होत नाही.

सुरुवातीला ठोक्याविना मिनिटभर नुसता धूसर आवाज का? कारण तेव्हा किनाऱ्यावरचे डीजे डॅट, म्हणजे डिजिटल टेपच्या छोट्या कॅसेटी, वाजवायचे. विनाइलची तबकडी उन्हात वाकते, धुळीने खरखरते, आणि पेटीभर वाहून न्यावी लागते. डॅट खिशात मावते. पण बहुतेक डॅट यंत्रांवर वेग कमी-जास्त करायची सोय नव्हती, त्यामुळे दोन ट्रॅकचे ठोके एकमेकांवर बसवणं जमायचं नाही. मग एक विरत जायचा आणि दुसरा ठोक्याविना उगवायचा. आठ-नऊ मिनिटांची लांबी का? रात्र लांब होती, घाई कुणाला! गाणारा गळा का नाही? ती सवय त्याआधीच्या कॅसेटच्या काळातली. ऐंशीच्या दशकात इथले डीजे फ्रंट २४२ सारख्या युरोपियन मंडळींच्या ट्रॅकमधले शब्द कापायचे आणि वाद्यांचे तुकडे पुन्हापुन्हा जोडून स्वतःच्या कॅसेटी बनवायचे.

म्हणजे आज ‘शैली’ म्हणून जिची नक्कल होते, ती निम्मी त्या काळची अडचण आहे. तुमच्याकडे पेनड्राइव्ह आहे आणि वाजवणाऱ्याकडे ठोके जुळवणारं यंत्र. मग मिनिटभराचा धूसर प्रवेश केवळ ‘गोवा वाटावा’ म्हणून कशाला? काढून टाका. लांबी मात्र ठेवा. एकावर एक धुना चढवायला वेळ लागतोच, आणि ती चढण हाच या संगीताचा जीव आहे.

जे बदलले ते

१९९४ च्या डिसेंबरात पॉल ओकेनफोल्डने बीबीसी रेडिओ १ वर ‘गोवा मिक्स’ वाजवला. पुढची दोन-तीन वर्षं या संगीताला बरे दिवस होते, लंडनमध्ये लेबलं निघाली, मग गर्दी दुसरीकडे वळली. इथेच ते संपायला हवं होतं. पण इस्रायलमध्ये त्याचा फुल-ऑन झाला. जाड बेस, सकाळच्या उन्हातली धून. फिनलंडवाल्यांनी त्याला वेडंवाकडं, विनोदी करून सुओमिसाउंडी नावाचा भन्नाट प्रकार काढला. उत्तर युरोपात ते संथ आणि सडपातळ झालं, जंगलातल्या पार्ट्यांत काळोखं झालं, हाय-टेकवाल्यांनी वेग मिनिटाला १८० ठोक्यांच्या पुढे नेला (तो मला तरी सोसत नाही). आज पोर्तुगालच्या बूम किंवा हंगेरीच्या ओझोरा महोत्सवात जे वाजतं, ते या सगळ्यांचं गोत आहे.

माझ्या म्हणण्याला एक मोठा अपवाद आहे, तोही सांगतो. बेल्जियमच्या सनट्रिप या लेबलने २००४ पासून ठरवून जुन्या गोव्याचा बाज धरला आणि तो टिकवला. पण नीट ऐका. त्यांच्या फिल्टेरिया या कलाकाराच्या ट्रॅकमध्ये एका वेळी जितक्या धुना धावतात, तितक्या १९९५ च्या एखाद्या छोट्या स्टुडिओत मोजक्या सिंथवर (विजेवर सूर बनवणाऱ्या यंत्रांवर) आणि अटारी संगणकावर उभ्या करणं महाकठीण. त्यांनीही बदल केला, पण आतून.

आमच्याकडे दशावताराचंही हेच. तो संपल्याचं मी लहानपणापासून ऐकतोय. पेटी, पखवाज, झांज तीच. आधी आडदशावतार, मग आख्यान, संवाद आजही रंगमंचावर सुचेल तसे. पण माइक आले, रंगीत दिवे आले, ट्रिकसीन आले. जुने जाणते ट्रिकसीनला नाकं मुरडतात. देवळासमोर पहाटेपर्यंत बसणारा माणूस मात्र उठून गेला नाही, आणि माइक माझे असल्यामुळे ते मला बसल्या जागेवरून दिसतं.

आपली अडचण: घड्याळ

ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम सांगतात की रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सणा-कार्यक्रमांसाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं, बाकी नाही. म्हणून वागातोरच्या हिलटॉप या पार्टीच्या जागेवर रविवारी माणसं उन्हं असतानाच जमतात. यावर रडणारे पुष्कळ आहेत. पण इथे माझी तक्रार वेगळीच आहे. पार्टी संध्याकाळची झाली, आणि ट्रॅक अजून रात्री तीनचे वाजतात! डोळ्यांवर ऊन, समोर चमकणारा समुद्र, आणि स्पीकरमधून पाताळाचं दार उघडतंय.

जुन्या पार्ट्यांत मध्यरात्रीचं संगीत वेगळं आणि सकाळचं वेगळं, हे प्रत्येक डीजे पाळायचा. संध्याकाळचं कोणी फारसं केलंच नाही, कारण तेव्हा पार्टी सुरूच झालेली नसायची. ही रिकामी जागा आहे. तुम्ही तिथे शिरा.

सहा तासांचे तीन तुकडे धरा. चार ते साडेपाच, वेग १३६-१३८, धून कमी, ताल मोकळा. साडेपाच ते सात, १४० ते १४३. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला बुडतो, तेव्हा सगळं नाट्य याच तुकड्यात आहे. सात ते दहा, १४५ आणि पुढे. तिथे आधीपासून हजारो ट्रॅक पडलेत, तुमची गरज नाही. मधल्या तुकड्यासाठी लिहा.

बेस आणि किक

लॅपटॉप आणि रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर पुरे. सिंथसाठी व्हायटल किंवा सर्ज, दोन्ही फुकट मिळतात. खरं ३०३, म्हणजे बेस वाजवणारं छोटं सिंथ यंत्र, रोलँडने १९८४ च्या सुमाराला बंद केलं आणि आता त्याची किंमत ऐकून घाम फुटतो. त्याच्या नव्या नकला आहेत, त्या चालतात. महागड्या यंत्रांच्या गप्पा मारणाऱ्यांचे पुरे झालेले ट्रॅक मी फार पाहिलेले नाहीत.

वेग १४२ ठेवा. एका ठोक्याचे चार भाग केले की एक भाग साधारण १०६ मिलिसेकंदांचा. पहिल्या भागात किक, उरलेल्या तिन्हींत बेस. बेसची नोट ८० मिलिसेकंदांच्या आसपास तोडा, नाहीतर ती पुढच्या नोटेवर सांडते आणि मैदानात नुसती गडगड ऐकू येते. करवती लहर घ्या, वरचे सूर फिल्टरने कापा, प्रत्येक नोटेला फिल्टर किंचित उघडून लगेच मिटेल असं करा.

पट्टी निवडताना साउंडवाल्याचं ऐका. बरेच जण पांढरी चार, म्हणजे एफ धरतात, आणि बेसचा सा ४३.६५ हर्ट्झवर जातो. चांगल्या अठरा इंची बिनवर (बेसच्या स्पीकरवर) तो छातीत बसतो. पण गावात भाड्याने मिळणारे पुष्कळसे बिन ५० च्या खाली दम सोडतात. तुमची पार्टी दोन टॉप आणि दोन बिनवर होणार असेल तर काळी चार घ्या. सा ५१.९ हर्ट्झवर येतो आणि पैसे वसूल होतात.

धून

गोवा ट्रान्समध्ये सहसा कॉर्ड बदलत नाहीत. बेस सा धरून बसतो आणि वर स्वर खेळतात, म्हणजे आपल्या कानाला घरचंच काम. जुन्या ट्रॅकमध्ये ज्याला ‘पौर्वात्य’ म्हणतात ते स्वर बघितले तर बहुतेक वेळा भैरवी थाटाचे, भैरवचे किंवा बसंत मुखारीचे निघतात. कोमल रे, कोमल ध. त्यातला भैरव पहाटेचा. पार्टी सूर्य उगवेपर्यंत चालायची तेव्हा ते शोभायचं.

संध्याकाळसाठी संधिप्रकाशातले राग आहेतच की. कोमल रे आणि तीव्र म एकत्र. पूरिया धनाश्री घ्या. काळी चारच्या पट्टीत सा जी शार्प, कोमल रे ए, ग सी, तीव्र म डी, प डी शार्प, कोमल ध ई, नि जी. चार भागांच्या चालीत नोटा भरताना सा टाळा, तो बेसकडे आहे. ‘नि रे ग म’ असं चढा, प वर क्षणभर टेका, मग ‘म ग म रे ग’ असं मागे या. बेसच्या सा वर तीव्र म घासला की जो ताण पडतो, तो बुडत्या सूर्याला कसा लागू पडतो ते मैदानातच कळेल. मारवाही करून बघा. त्यात प नाही, त्यामुळे तो अधांतरी लटकतो. तुमच्या गुरुजींना हे ऐकवू नका, ही राग मांडणी नव्हेच. आपण स्वर उसने घेतोय.

राग आणि ३०३ ही जोडी नवी नाही. मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ साली ३०३, ८०८ हे ड्रम यंत्र आणि ज्युपिटर-८ सिंथ घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले, शिकागोत ३०३ च्याच आवाजावरचं ॲसिड हाउस निघण्याच्या पाच वर्षं आधी. तेव्हा कोणी विचारलं नाही. २०१० मध्ये तो अल्बम पुन्हा निघाला आणि जग चकित झालं. आवर्जून ऐका, कारण त्यात सतारीचा एकही चिकटवलेला तुकडा नाही. राग यंत्राच्याच आवाजात आहे. तुम्हीही सतार, घंटा, ‘ॐ’ यांचे सॅम्पल लावू नका. ते विमानतळावरच्या दुकानातलं गोवा.

पहिली धून तयार झाली की तिच्या फिल्टरचा खटका हाताने फिरवत पूर्ण ट्रॅक रेकॉर्ड करा. माउसने रेघा ओढू नका. हात थकतो, घाई करतो, एखाद्या जागी रेंगाळतो, आणि तेवढ्यानेच फरक पडतो. डिले (आवाजाचा पडसाद) तीन भागांचा, म्हणजे ३१७ मिलिसेकंद. दर सोळा बारांनी (एक बार चार ठोक्यांचा), म्हणजे साधारण २७ सेकंदांनी, काहीतरी बदललंच पाहिजे. ठेका पूर्ण थांबवून मग धाडकन आपटायची जी मोठ्या स्टेजवरच्या ईडीएमची (इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिकची) सवय आहे, ती इथे नको. दिवसाउजेडी नाचणारा माणूस आधीच लाजत असतो. ठेका थांबला की तो मोबाइल काढतो.

मैदानात तपासणी

हेडफोनवर ट्रॅक पुरा होत नाही. भाड्याचा छोटा सेट घ्या, परवानगी काढा, काजूच्या बागेत दुपारी लावा. वस्तीची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि बेस लांब पळतो. तीन बिन असतील तर एक उलट्या तोंडाने ठेवून त्याला योग्य तो डिले आणि उलटी पोलॅरिटी द्या. मागे जाणारा बेस बराच मरतो. शेजारी झोपला की पुढची परवानगी सोपी.

वीस माणसं पुरेत, त्यातली निम्मी तरी या संगीताशी संबंध नसलेली हवीत. माझ्या मावशीने एकदा विचारलं, “ह्या काय वाजता रे? मिक्सर बिघडलो की काय?” त्याच ट्रॅकवर पाचव्या मिनिटाला तिचा पाय हलत होता. मी पाय बघतो. हात वर करणारे मित्र असतात.

चहाची सोय गावातल्या बाईकडे द्या. जुन्या पार्ट्यांत चटई अंथरून चहा-ऑम्लेट विकणाऱ्या ‘चाय मम्मी’ होत्या, आणि गावाचा त्या पार्टीत जीव त्यांच्यामुळेच अडकलेला असायचा. सगळे पैसे तिकिटात आणि बारमध्ये गेले की गावाकडे उरते ती फक्त तक्रार.

मग द्या सोडून

बँडकॅम्प या संगीत विकायच्या साइटवर ठेवा, किंमत ऐकणाऱ्याला ठरवू द्या. एक्टोप्लाझमसारख्या वेबसाइटवर वर्षानुवर्षं कायदेशीर फुकट मिळत गेल्यामुळे सायट्रान्सचे (गोवा ट्रान्समधून निघालेल्या या सगळ्या गोताचे) किती तरी कलाकार जगभर पोचले. एखादं लेबल ट्रॅक कायमचा एकट्याकडे मागत असेल तर नाही म्हणा. ट्रॅकचे सुटे भाग, बेस वेगळा, धून वेगळी, दोन-तीन माणसांना द्या आणि त्यांचं त्यांना करू द्या. कोल्हापूरचा पोरगा त्यात हलगी घालेल, घालू दे.

डीजेला पाठवताना एमपी३ नको, वेव्ह फाइल. फाइलच्या नावात वेग, पट्टी आणि वेळ तिन्ही लिहा: १४२, काळी चार, साडेपाच ते सात. वेळ लिहिली नाही तर तो रात्री साडेनऊला लावेल आणि ट्रॅक पडला म्हणून तुम्हालाच सांगेल.