जबड्याला प्लेट बसवायची आहे? घरच्यांनी करायची तयारी

आधी पेशंटचा एक जुना फोटो शोधा, हसताना दात दिसतील असा. जबडा मोडला की हाड सांधणं हे अर्धंच काम असतं. वरचे-खालचे दात पूर्वी जसे एकमेकांवर बसायचे, तसेच पुन्हा बसायला हवेत. म्हणून ऑपरेशनमध्ये सर्जन आधी दात जुळवून दोन्ही जबडे तारेने बांधतात आणि मगच प्लेट, म्हणजे हाड धरून ठेवणारी धातूची पट्टी, लावतात. पण ज्याचे दात मुळातच पुढे होते, त्याचे 'सरळ' करून कसं चालेल? तेव्हा फोटो दाखवा, पूर्वी दातांना तारा लावल्या होत्या का तेही सांगा. कवळी वापरत असतील तर ती तुटली असली तरी तुकडे घेऊन जा. दात नसलेल्या जबड्यात मापाला तिचाच आधार असतो. अपघातात पडलेला दात सापडला नसेल तर आवर्जून सांगा, कारण तो श्वासनलिकेत गेला नाही ना हे पाहायला छातीचा एक्स-रे काढावा लागतो.

ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) आणि सीटी स्कॅनचे फक्त रिपोर्ट नकोत, फिल्म किंवा सीडी हवी. मार हनुवटीला लागला असला तरी कानापुढचा सांधा मोडलेला असू शकतो आणि ते सर्जनला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असतं. मार लागल्यावर शुद्ध हरपली होती का, उलट्या झाल्या का, हे आधी सांगा. डोक्याची इजा असेल तर जबड्याचं ऑपरेशन थांबवावं लागू शकतं. अपघात किंवा मारामारीची केस असेल तर एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या केसची) नोंद झाल्याची खात्री करा. आधार आणि रेशन कार्ड सोबत ठेवा, सरकारी योजनेत बसतं का ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला (योजनेची माहिती देणाऱ्या मदतनिसाला) विचारा.

तंबाखू-गुटखा लपवू नका, हे अगदी कळकळीने सांगते. गुटख्याने तोंड आधीपासूनच कमी उघडत असेल तर भूलतज्ज्ञांना ते आधी कळलं पाहिजे. दात जुळवून बघायचे असल्यामुळे भुलीची नळी बहुतेकदा नाकातून घालतात, त्यामुळे नाकाचं हाड वाढलेलं असेल, पूर्वी नाकाला मार लागला असेल, तर तेही सांगा. ऑपरेशननंतर तंबाखू पुन्हा सुरू झाली तर जखम चिघळू शकते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. जेवण साधारण 6 तास आधी आणि पाणी 2 तास आधी बंद करतात, पण तुमच्या हॉस्पिटलने दिलेली वेळच पाळा.

सर्जनना विचारा: प्लेट किती आणि कुठे, चिरा तोंडाच्या आतून की बाहेरून, नंतर तोंड बांधून ठेवणार का? 1970च्या दशकात फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गचे सर्जन शाँपी यांनी चावताना हाड जिथे फाकतं त्या रेषा शोधल्या आणि तिथे छोट्या प्लेट बसवल्या. त्यामुळे आता अनेकांना आठवडेच्या आठवडे तोंड बांधून राहावं लागत नाही. हनुवटीजवळ हाडाला पीळही बसतो, म्हणून तिथे सहसा दोन प्लेट लागतात. कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्याशी, अनेकदा एक पुरते. खालचा ओठ आधीच बधिर असेल तर ती नोंद ऑपरेशनपूर्वी केस पेपरवर करून घ्या. ओठाची नस हाडातूनच जाते आणि मुळात मोडण्यानेच ती दुखावलेली असू शकते.

घरी मिक्सर आणि बारीक गाळणी तयार ठेवा. प्लेट बसली म्हणजे भाकरी चावता येईल असं नाही. साधारण 4 ते 6 आठवडे चावणं नाही. नुसत्या पेजेवर माणूस खंगतो, म्हणून मुगाचं कढण, दूध, ताक, नाचणीचं सत्त्व आलटूनपालटून द्या. लहान मुलांचा मऊ ब्रश, डॉक्टरांनी सांगितलेला माउथवॉश, ओठांना व्हॅसलीन आणि बोलता येत नसेल तेव्हा लिहायला वही-पेन. तोंड तारेने बांधलं असेल तर वायर कटर उशाशी हवा. कुठली तार कापायची ते सिस्टरकडून घरातल्या एकाने तरी प्रत्यक्ष पाहून घ्या. उलटी झाली तर पेशंटला आधी कुशीवर वळवा.

टायटॅनियमची प्लेट सैल झाली नाही, पू झाला नाही, तर मोठ्या माणसांत ती सहसा काढत नाहीत. तपासणीची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. पण 'दात आधीसारखे लागत नाहीत' असं पेशंट म्हणाला, तर त्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवायला घेऊन जा.