अंतर्यामी बळ मागायचं कसं: इफिसकरांस पत्राच्या आठ वचनांसोबत चार आठवडे

‘प्रभू, ताकद दे’ असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा मनात अडचण टळावी एवढंच असतं. सासऱ्यांचं आजारपण निवळावं, साहेबांची बदली व्हावी, हप्त्याचे पैसे कुठून तरी उभे राहावेत. असं मागण्यात काही चूक नाही. पण बायबलच्या नव्या करारातल्या इफिसकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात, वचन १४ ते २१ मध्ये, प्रेषित पौलाने जी प्रार्थना लिहिली आहे तिच्यात यातलं एकही मागणं नाही. पौल त्या वेळी कैदेत आहे. त्याच अध्यायाच्या पहिल्या वचनात तो स्वतःला बंदिवान म्हणवतो, सहाव्या अध्यायात बेड्यांचा उल्लेख करतो. तरीही या प्रार्थनेत सुटकेचा शब्द नाही. पवित्र आत्म्याने पत्र वाचणाऱ्या मंडळीला अंतर्यामी, म्हणजे आतून, बलसंपन्न करावं, असं तो मागतो. आणि ते बळ कशाला? ख्रिस्ताची प्रीती किती रुंद, लांब, उंच आणि खोल आहे ते त्यांना उमगावं म्हणून. प्रीती पेलायलाच बळ लागतं, असा हा हिशोब आहे.

हे बळ बाहेर कसं दिसतं तेही पौल लगेच सांगतो. पुढच्याच अध्यायाच्या दुसऱ्या वचनात नम्रता, सौम्यता आणि एकमेकांना प्रीतीने सहन करणं येतं. कलस्सैकरांस पत्रात (१:११) देवाचं सामर्थ्य मागितलंय ते धीर आणि सहनशक्तीसाठी. म्हणजे शोध घ्यायचा तो दिवसातल्या त्या जागेचा, जिथे आपला धीर हमखास सुटतो. हे सुरुवातीलाच पक्कं केलं नाही तर माणूस अंगावर शहारे येण्याची वाट पाहत बसतो, आणि ते आले नाहीत की प्रार्थनाच सोडतो.

सकाळची वीस मिनिटं

वेळ रोज एकच ठेवा, आणि ती एखाद्या ठरलेल्या कामाला चिकटवा: नळाला पाणी येऊन गेल्यावर, किंवा मुलांची स्कूल व्हॅन गेल्यावर. पहाटे चारला उठण्याचा संकल्प सहसा आठवडाभरही टिकत नाही, कारण रात्री झोपायची वेळ कोणीच मागे आणत नाही. छापील बायबल घ्या. मोबाइलवर वाचत असाल तर आधी इंटरनेट बंद करा, नाहीतर दुसऱ्या वचनाला व्हॉट्सअॅपवर कोणाचं तरी ‘सुप्रभात, आजचं वचन’ येऊन पडतं.

पहिली पाच मिनिटं आठही वचनं मोठ्याने वाचा. सावकाश वाचली तरी एका वाचनाला दीड मिनिटाच्या आसपास लागतं, म्हणजे तीनदा वाचून होतात. मोठ्याने वाचायचं कारण साधं आहे: ही मुळातच लांबलचक, एकात एक गुंफलेली वाक्यं आहेत. डोळे त्यांच्यावरून घसरतात, तोंडाला मात्र थांबावंच लागतं. पौल गुडघे टेकल्याचं लिहितो. गुडघे साथ देत असतील तर तसंच करा, दुखत असतील तर खुर्चीवर बसा. गुडघेदुखी सहन करत केलेल्या प्रार्थनेत लक्ष गुडघ्यांकडेच राहतं.

पुढची पाच मिनिटं त्यातला एकच तुकडा घ्यायचा. सोमवारी १४ आणि १५, ज्या पित्यापुढे आपण येतो तो. मंगळवारी १६, अंतर्यामी बळ. बुधवारी १७ चा पहिला भाग, ख्रिस्ताची अंतःकरणात वस्ती. गुरुवारी त्याचाच दुसरा भाग, प्रीतीत मुळावणं. शुक्रवारी १८, शनिवारी १९, आणि रविवारी २० व २१ ची स्तुती. त्या दिवसाचा तुकडा आपल्या शब्दांत देवाला परत म्हणायचा. बुधवारचं उदाहरण घ्या. ‘प्रभू, तू माझ्या अंतःकरणात राहा’ इतकंच म्हणून थांबू नका. घर म्हटलं की खोल्या आल्या, आणि प्रत्येक घरात पाहुण्याला न दाखवण्याची एक खोली असते. तुमच्या बाबतीत ती कोणती? भावाशी शेतीच्या वाटणीवरून धरलेला अबोला? मुलाच्या मार्कांवरून दुसऱ्यांच्या मुलांबद्दल वाटणारा हेवा? तिचं नाव घ्या आणि तिथे राहायला बोलवा.

त्यानंतर पाच मिनिटं आजच्या दिवसातली एक जागा निवडण्यासाठी. एकच. ‘आज सगळ्यांशी प्रेमाने वागेन’ ही जागा नव्हे. ‘संध्याकाळी सहाला सासूबाई औषध घ्यायला नकार देतील तेव्हा’ ही जागा आहे. वेळ, माणूस आणि प्रसंग, तिन्ही ठरलेले हवेत. मग तिथे न्यायची एक ओळ बांधा, एका श्वासात म्हणता येईल अशी: ‘पित्या, तुझ्या प्रीतीत मला मूळ धरू दे.’ वहीत तारीख, ती जागा आणि ती ओळ, एवढंच लिहा. जास्त लिहायला गेलात की वही रोजनिशी होते आणि वेळ तिच्यातच जातो.

शेवटची पाच मिनिटं गप्प बसायचं. इथे बहुतेकांची पंचाईत होते. मन भाजी, फी, काल कोणी टोचून बोललेलं, सगळीकडे फिरून येतं. त्याच्याशी झगडू नका. जे आठवलं त्याचं एका शब्दात नाव घ्या, देवाकडे द्या आणि बांधलेल्या ओळीवर परत या. हे पाच मिनिटांत वीसदा झालं तरी चालेल. शेवटी प्रभूची प्रार्थना म्हणून उठा.

घरच्यांसाठी, मंडळीसाठी, आजाऱ्यांसाठी मागण्यांची यादी असेल तर ती या वीस मिनिटांत आणू नका. यादी फार खादाड असते. तिला कुटुंब प्रार्थनेत किंवा प्रवासात वेगळी जागा द्या.

दिवसाच्या मध्यात

खरं काम आता सुरू होतं. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचंच घ्या. त्यांनी पाचव्यांदा हाक मारली आहे, आणि पाचव्यांदाही तोच प्रश्न असणार आहे, ‘बाळू आला का?’ स्वयंपाकघरातून त्यांच्या कॉटपर्यंत दहाएक पावलं आहेत. ओळ म्हणायची ती या पावलांत. गॅस बारीक करा, हात पुसा, ओळ म्हणा, मग खोलीत शिरा. आत गेल्यावर आधी त्यांच्या हाताला हात लावा, नंतर उत्तर द्या. ओळ म्हटली की राग विरघळतो असं नाही. बऱ्याचदा तो तिथेच असतो. फरक इतकाच पडतो की तो तोंडातून बाहेर पडायच्या आत एक पाऊल थांबतो. इफिसकरांस पत्रातल्या बळाची पहिली खूण बहुधा इतकीच लहान असते, म्हणून ती नजरेतून सुटते.

आणि खोलीत शिरल्यावर आवाज चढलाच, तर? रात्रीपर्यंत थांबू नका. तिथल्या तिथे ‘माझं चुकलं, आई’ म्हणा. त्यांच्या लक्षात राहणार नसलं तरी म्हणा. ‘मूळ धरू दे’ या मागण्याचं उत्तर कधी कधी माफी मागण्याच्या रूपाने येतं.

नोकरदारांसाठी अशा दहा पावलांच्या जागा वेगळ्या असतात. लोकलमधून उतरल्यानंतरचा जिना, साहेबांच्या केबिनचं दार, दुचाकीचं हेल्मेट काढून घराची बेल वाजवण्याआधीचा क्षण. शेवटची जागा पुरुषांनी आवर्जून धरावी. ऑफिसात दिवसभर जपलेला संयम घरच्यांवर सुटतो तो याच दारात.

रात्रीची दहा मिनिटं

कॅथलिक संत इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात दिलेली पाच टप्प्यांची रात्रीची उजळणी इथे उत्तम बसते, आणि प्रॉटेस्टंटांनाही तिचं वावडं असायचं कारण नाही. आधी आभार, मग नीट पाहण्यासाठी प्रकाश मागणं, मग दिवसाची तासातासाने फेरी, चुकलं त्याची क्षमा, आणि उद्यासाठी एक ठराव. निम्मा वेळ तिसऱ्या टप्प्याला द्या. सकाळी निवडलेली जागा आठवा: तिथे काय झालं? ओळ आठवली का? कोणाकडून अनपेक्षित प्रेम मिळालं? शेजारणीने न मागता आणून दिलेली वाटीभर आमटी देवाच्या प्रीतीच्या हिशोबात धरायची की नाही, असा प्रश्न पडत असेल तर बेधडक धरा.

वहीत सकाळच्या नोंदीसमोर ‘आठवली’, ‘उशिरा आठवली’ किंवा ‘विसरलो’ यातलं एक लिहा. हे मार्क नव्हेत. चार आठवड्यांनी चाळताना कोणत्या वेळी आणि कोणापुढे आपण विसरतो ते यातून कळतं. ज्या घरांत संध्याकाळी जपमाळ होते, वसईत अशी घरं पुष्कळ, तिथे पाचव्या दशकानंतर (माळेच्या दहा मण्यांच्या शेवटच्या टप्प्यानंतर) लगेच ही उजळणी करणं सोपं जातं, कारण सगळे आधीच बसलेले असतात.

एकट्याने होत नाही

ही प्रीती ‘सर्व पवित्र जनांसह’ समजून घ्यायची आहे, असं अठरावं वचन म्हणतं. हे सजावटीचे शब्द नव्हेत. आठवड्यातून एकदा तीन किंवा चार जणांनी पाऊण तास बसावं. त्यापेक्षा मोठा गट झाला की दोघेच बोलतात. वचनं एकदा वाचा, प्रत्येकाने आपल्या वहीतली एक जागा सांगा, आणि शेजारच्याने त्याच्यासाठी तीच प्रार्थना त्याचं नाव घालून करा. सल्ला द्यायचा नाही. हा नियम पहिल्याच दिवशी मोडतो, तेव्हा कोणीतरी हसत हसत आठवण करून देणारं हवं. दुसरा नियम हसण्यावारी नेऊ नका: इथलं बोलणं पाळकांपर्यंतही न विचारता जायचं नाही. ‘प्रार्थनेसाठी म्हणून सांगते’ अशी सुरुवात करून मंडळीत किती घरांची लक्तरं वेशीवर टांगली गेली आहेत, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

शेवटी एखादं गीत म्हणा. नारायण वामन टिळकांची भजनं ज्यांना पाठ आहेत त्यांना पुस्तकही लागत नाही. केडगावच्या मुक्ति सदनात पंडिता रमाबाईंच्या काळात, १९०५ च्या संजीवनाआधी, म्हणजे तिथल्या मोठ्या आध्यात्मिक जागृतीआधी, बायका-मुली असंच गटाने रोज प्रार्थनेला जमत. नंतर जे घडलं त्याचीच चर्चा जास्त होते, आधीच्या या रोजच्या बैठकींची फारशी होत नाही.

कुठे बिघडतं

दुसऱ्या आठवड्यात कंटाळा येतो. तीच वचनं, तेच शब्द. इथे उतारा बदलण्याचा मोह होतो. बदलू नका. पाठ होऊ लागलेलं वचन दिवसा आपोआप ओठांवर येतं, आणि तेच तर हवं आहे.

काहींना रविवारी उपासनेत भरून येतं आणि सोमवारी सगळं कोरडं वाटतं. संगीत, गर्दी, ओळखीचे चेहरे यांनी मन उचंबळतं, ते खोटं नसतं, पण मोजमाप म्हणून निरुपयोगी आहे. रविवारच्या मापाने सोमवार मोजू नका.

कोरडेपणा आठवडेच्या आठवडे टिकला तर स्तोत्र १३ घ्या. सहाच वचनं. पहिल्या दोनांत ‘कोठवर’ असा चारदा सवाल, पुढच्या दोनांत विनवणी, शेवटच्या दोनांत भरवसा. याच मापाने आपलं स्तोत्र लिहा, आणि तक्रारीच्या ओळी गाळून थेट भरवशावर उडी मारू नका. भरवशाच्या ओळी लिहवतच नसतील तर स्तोत्र ८८ वाचा. ते अंधारातच संपतं, आणि तरीही पवित्र शास्त्रात आहे.

थकवा आणि अविश्वास यांची गल्लत फार होते. १ राजे १९ मध्ये थकलेला संदेष्टा एलीया मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खायला घालतो. झोप सहा तासांच्या खाली असेल, जेवण वेळेवर नसेल, तर आधी ते सुधारा. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, झोप-भूक उडाली, तर डॉक्टरांकडे जा. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले तर मात्र एक दिवसही थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो. गोळ्या घेतल्याने विश्वास कमी होत नाही.

आता सर्वांत घातक बिघाड. ‘प्रीतीने सहन करा’ हे वचन मार खाणाऱ्या बाईला ऐकवलं जातं. हा वचनाचा गैरवापर आहे. पौलाने पुष्कळ सोसलं, पण दिमिष्कात (दमास्कसमध्ये) जीव धोक्यात आला तेव्हा तो टोपलीत बसून गावकुसावरून निसटला, आणि यरुशलेमेत फटके मारायला बांधलं तेव्हा रोमी नागरिक असल्याचा हक्क सांगून त्याने ते थांबवले (प्रेषितांची कृत्ये ९ आणि २२). घरात हिंसा होत असेल तर आधी सुरक्षित जागी जा. महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२. अंतर्यामीचं बळ दार उघडून बाहेर पडायलाही लागतं.

चार आठवडे झाल्यावर घरातल्या एका माणसाला विचारा, ‘माझ्या बोलण्यात काही फरक जाणवतो का?’ शक्यतो तुमच्या रागाचा फटका ज्याला सर्वांत जास्त बसतो त्यालाच. ‘नाही’ असं उत्तर आलं तर कुठे नाही तेही विचारून घ्या आणि ती जागा वहीत उतरवा. मग पुढच्या महिन्यासाठी फिलिप्पैकरांस १:९ ते ११ घ्या. तीनच वचनं आहेत, आणि तिथे पौल प्रीतीसोबत विवेकही मागतो. त्यानंतर कलस्सैकरांस १:९ ते १४. पद्धत तीच, वीस मिनिटं सकाळी, दहा रात्री.