पुस्तकांच्या दुकानातल्या काव्यवाचनाला जाताना

‘कवितेतलं आपल्याला काही कळत नाही’ म्हणून बरेच जण अशा कार्यक्रमांच्या वाटेला जात नाहीत. पण तिथे कुणी परीक्षा घेत नाही. घरून फक्त कान न्यायचे असतात आणि त्यांची थोडी मशागत आधी करायची असते.

१. कार्यक्रम कोणत्या जातीचा आहे?

सूचनेत वेळ आणि नावनोंदणी बघतोच आपण, पण प्रकारही बघा. कवीच्या नव्या संग्रहातलं वाचन असेल तर आवाज एकच, शेवटी प्रश्नोत्तरं. ‘ओपन माइक’ असेल तर इच्छुकांनी यादीत नाव लिहायचं आणि पाळी आली की वाचायचं. तिथे चांगलं-वाईट सगळंच कानावर पडणार, हे धरून चाला. ‘स्लॅम’ म्हणजे सरळसरळ स्पर्धा. अमेरिकन कवी मार्क स्मिथ यांनी १९८०च्या दशकात शिकागोत ती सुरू केली. कवीला साधारण ३ मिनिटं मिळतात. श्रोत्यांतूनच निवडलेले ५ परीक्षक ० ते १० गुण देतात. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण वगळून उरलेल्या तिघांची बेरीज धरतात. स्लॅममध्ये आरडाओरडा चालतो. संग्रहाच्या वाचनात केलात तर सगळ्या माना तुमच्याकडे वळतील.

२. एक कविता आधी वाचा, मोठ्याने

ज्यांना ऐकायला जाणार, त्या कवीची एकच पुरे. आपण कुठे थांबलो, कुठे अडखळलो, तेवढं लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

३. पंधरा मिनिटं आधी पोहोचा

दुकान म्हणजे सभागृह नव्हे. कपाटांच्या मधल्या जागेत खुर्च्या मांडलेल्या असतात आणि त्याही मोजक्याच. कवीचा चेहरा दिसेल अशी जागा धरा. ओठ दिसले की शब्दही नीट ऐकू येतात. लवकर निघायचं असेल तर कडेची खुर्ची घ्या. फोन पूर्ण बंद करा. नुसत्या थरथराटावर ठेवलेला फोन लाकडी खुर्चीवर चांगलाच गुरगुरतो.

४. ऐकायचं कसं?

खरी अडचण इथेच येते. छापील कविता वाचताना डोळा मागच्या ओळीवर सहज परत जातो. ऐकताना तशी सोय नाही. एक ओळ निसटली की मन तिच्यामागे धावतं आणि तोवर पुढच्या चार हुकतात. निसटली तर निसटू द्या. अर्थ लावत बसू नका. एखादी प्रतिमा, परत परत येणारा एखादा शब्द धरून ठेवा, बाकीचं त्याच्याभोवती आपोआप गोळा होतं.

आणि थांबे ऐका. ओळ संपली तरी वाक्य संपलेलं नसतं. अशा जागी काही कवी निमिषभर थांबतात, काही श्वास न घेता पुढच्या ओळीत उतरतात. घरी तुम्ही वाचलेली कविता नेमकी लागली, तर तुमचा थांबा आणि कवीचा थांबा यांतला फरक लगेच जाणवेल. वही हवीच असेल तर दोन कवितांच्या मधे एखादा शब्द टिपा. लिहिण्यात गुंतलं की ऐकणं सुटतं, असा माझा अनुभव. मन भरकटलं तरी काही बिघडत नाही, पुढची कविता नव्याने सुरू होतेच.

५. टाळी कधी?

पहिल्यांदा जाणाऱ्याने पहिली टाळी वाजवण्याची घाई करू नये. छोट्या कवितांची मालिका असेल तर कवी सलग वाचत जातो. मधे टाळी पडली की लय मोडते. मनापासून आलेला हलकासा ‘वा!’ मात्र सहसा कुणाला खुपत नाही.

६. प्रश्न आणि सही

प्रश्नाच्या नावाखाली भाषण ठोकणारा एखादा असतोच. तो तुम्ही होऊ नका. ‘तुम्हाला सुचतं कसं?’ याचं उत्तर देऊन कवीही कंटाळलेले असतात. त्यापेक्षा, ‘अमुक शब्दानंतर तुम्ही थांबलात, छापील ओळ तिथेच तुटते का?’ असं विचारून बघा, गप्पा रंगतात.

पुस्तक घ्यायलाच हवं असं नाही, पण अशा कार्यक्रमाचा खर्च दुकानाला बहुधा पुस्तकविक्रीतूनच भरून काढायचा असतो. आवडलं तर आधी बिल करा, मग सहीच्या रांगेत उभे राहा. नाव चिठ्ठीवर स्पष्ट लिहून न्या, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ होत नाही. स्वतःच्या कवितांची वही पिशवीत असेल तर ती पिशवीतच राहू द्या. मागे रांग ताटकळलेली असते.