तेलाचा डेपो, पाइपलाइन आणि धोक्याची खबर: या चुका टाळा

पावसाळा तोंडावर आला की डेपोत कंत्राटदाराची नवी पोरं येतात. गटारं उपसायला, गवत कापायला, टाक्यांना रंग द्यायला. पहिल्या दिवशी मी त्यांना एकच गोष्ट तीनदा सांगतो: काही वेगळं दिसलं, वास आला, आवाज आला, तर लगेच कळवा. सगळे माना डोलावतात. आणि दरवर्षी काहीतरी घडून गेल्यावर कुणीतरी म्हणतोच, "मी सांगितलं होतं ना!" कुणाला सांगितलंस? "वॉचमनला." काय सांगितलंस? "वास येतोय म्हणून." किती वाजता? गप्प.

पंचवीस वर्षं मी कोकणपट्टीत तेलाच्या टाक्या आणि पाइपलाइनी सांभाळतोय. गळती आधी कुणाच्याच नजरेला पडली नव्हती, असं फार क्वचित असतं. कुणीतरी पाहिलेलं असतंच. पण ती खबर वॉल्व्ह बंद करणाऱ्या माणसापर्यंत पोचत नाही, किंवा पोचेपर्यंत तिच्यात काही राम उरत नाही.

अर्धवट खबर, तीही भलत्याच माणसाला

या चुकीवर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण तिच्यामुळे झालेलं नुकसान मी डोळ्यांनी पाहिलंय.

टाक्यांभोवती एक भिंत असते, तिला आम्ही डाइक म्हणतो. टाकी फुटली तरी तेल आतच अडावं म्हणून ती बांधतात; सगळ्यात मोठ्या टाकीतलं तेल मावेल एवढी जागा आत धरलेली असते. आपल्याकडच्या पावसात या डाइकचं तळं होतं. ते पाणी सोडायला भिंतीच्या बाहेर ड्रेन वॉल्व्ह असतो. तो कायम बंद ठेवायचा. पाणी सोडायचं असेल तेव्हा माणसानं तिथं उभं राहायचं, पाण्यावर तेल दिसलं की लगेच आवळायचा, आणि काम झालं की बंद करून कुलूप लावायचं. यात कठीण काही नाही. पण चार दिवस संततधार लागली की "दर दोन तासांनी कोण उघडबंद करत बसणार" म्हणून तो उघडा सोडून देणारा कुणीतरी निघतोच. या एका आळसानं अख्खी भिंत असून नसल्यासारखी होते.

मी तेव्हा जिथं कामाला होतो तिथं एका जुलैत असाच वॉल्व्ह उघडा राहिला. सकाळी सव्वासातला गवत कापणाऱ्या एका पोराला बाहेरच्या गटारात तवंग दिसला, मोरपिशी, पाण्याबरोबर सरकणारा. पोरगं हुशार होतं. जांभ्याच्या जमिनीत लोह भरपूर, त्यामुळे इथं झिरपणाऱ्या पाण्यावर नुसत्या मातीमुळेही तवंग धरतो. तो ओळखायचा कसा, तर त्यात काडी घालायची. लोहाचा तवंग काचेसारखा तुकडे तुकडे होतो, तेलाचा फाटतो आणि परत मिळून येतो. त्यानं काडी घातली, तवंग परत मिळाला. बोट बुडवून वास घेतला, डिझेल. इथपर्यंत त्याचं सगळं बरोबर होतं.

मग त्यानं गेटवरच्या गार्डला सांगितलं, "गटारात तेल दिसतंय." गार्डनं चहाच्या वेळी टँकर पार्किंगच्या सुपरवायझरला सांगितलं, "गटारात काहीतरी तेलकट आहे." सुपरवायझरला वाटलं, एखाद्या टँकरचं इंजिन ऑइल सांडलं असेल, नेहमीचंच. कंट्रोल रूमला कुणीच फोन केला नाही. साडेदहाला खालच्या वाडीतल्या एका काकूंचा फोन आला: "अहो, आमच्या पऱ्यात रॉकेलचा वास मारतोय. म्हशी पाण्याला तोंड लावीत नाहीत. तुमच्याकडनं काय सोडलंय का?"

मी धावत गेलो. पंपाकडे जाणाऱ्या लाइनीच्या फ्लँजमधलं, म्हणजे दोन पाइपांच्या बोल्टनं आवळलेल्या सांध्यातलं, गॅस्केट (मधली चकती) गेलं होतं आणि करंगळीएवढी धार लागली होती. ड्रेन वॉल्व्ह गंजून जड झालेला, दोन्ही हातांनी बारा आटे फिरवले तेव्हा बसला. तोवर डिझेल गटारातून पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, आणि पऱ्यातून दोन खाचरांत गेलं होतं. आठवड्यापूर्वीच लावणी झालेली. रोपांच्या बुडाशी पाण्यावर तोच मोरपिशी पट्टा चिकटला होता आणि काकू बांधावर उभ्या राहून नुसत्या बघत होत्या. भरपाई मिळाली, पण त्या वर्षी त्या खाचरांत भात झालं नाही.

डिझेल होतं म्हणून आग लागली नाही. पेट्रोल असतं तर पुढचं मला लिहवत नाही. जयपूरजवळ सीतापुऱ्याच्या तेल टर्मिनलमध्ये 29 ऑक्टोबर 2009 ला पेट्रोल असंच बाहेर येत राहिलं, सव्वा तासाच्या आसपास. मग वाफेचा ढग पेटला आणि ती आग आठवड्याहून जास्त जळत होती. आमच्याकडे सव्वातीन तास गेले होते.

त्या पोराला सव्वासातला सगळं ठाऊक होतं: कुठलं गटार, पाणी कुठल्या टाकीकडून येतंय, वास कसला. तीन तोंडांतून जाता जाता त्याचं "काहीतरी तेलकट" झालं. म्हणून आता मी घोकून घेतो. खबर थेट कंट्रोल रूमला किंवा शिफ्ट इनचार्जला द्यायची, मध्ये कुणी नको. आणि ती अशी द्यायची: "टाकी नंबर चार, समुद्राकडची बाजू, डाइकबाहेरचं गटार. पाण्यावर डिझेल. सव्वासातला पाहिलं, अजून वाहतंय. वारा समुद्राकडून. मी गेटजवळच्या शेडमध्ये थांबलोय." मग पलीकडच्याला म्हणायचं, "साहेब, एकदा परत बोलून दाखवा." पोरांना याची लाज वाटते, साहेबाला उलट कसं विचारायचं म्हणून. विचारायचं! मी स्वतः साहेब आहे आणि मला कुणी असं विचारलं की बरं वाटतं. माझ्या खिशात छोटी वही आणि पेन्सिल असते. पेन पावसात फुटतं, पेन्सिल ओल्या कागदावरही चालते. आधी वेळ लिहितो, मग बाकीचं.

आधी फोटो, मग फोन

ही नवी चूक, आणि हिचा मला मनापासून राग येतो. गळती दिसली की हात खिशात जातो, मोबाइल बाहेर येतो, फोटो ग्रुपवर पडतो. साधा मोबाइल टाकीच्या आवारात आणूच नये, तो गेटवर जमा करायचा असतो. आत ठिणगी पडू न देणारे, स्फोटक वाफेत वापरायला प्रमाणित केलेले हँडसेटच चालतात. पेट्रोलची वाफ हवेत 1.4 टक्के झाली तरी पेट घेऊ शकते. ती हवेपेक्षा तीन-चार पट जड, म्हणून जमिनीलगत पसरते, गटारात उतरते, उताराला लागते. आपले डेपो बहुतेक कातळावर आणि वाड्या खाली, म्हणजे ती कुठं जाणार ते सांगायला नको. आणि जवळून फोटो हवा म्हणून पोरगं नेमकं तिथंच गुडघ्यावर बसतं.

शिवाय ग्रुपवर टाकलं म्हणजे कळवलं असं होत नाही. ग्रुपमध्ये साठ माणसं, प्रत्येकाला वाटतं दुसऱ्यानं पाहिलं असेल. फोटोखाली सात अंगठे आणि फोन एकानंही केलेला नाही, हे मी पाहिलंय. आधी तिथून बाजूला व्हा, वारा आडवा कापत वाऱ्याच्या वरच्या अंगाला या, मग बोला. फोटोची घाई नाही.

तिथं उभी असलेली मोटरसायकल चालू करून सांगायला जाऊ नका. चालत जा.

"मीच आवळतो"

फ्लँज ठिबकतोय, हातात पाना आहे, दोन आटे दिले की काम झालं. उतावळ्या माणसाचं हेच गणित. दाबाखालच्या लाइनीचा खारवलेला, गंजलेला बोल्ट आवळताना तुटतो आणि थेंबाची धार होते. लोखंडी पाना निसटून ठिणगी पडते ती वेगळीच. परमिटशिवाय, म्हणजे कामाच्या लेखी परवानगीशिवाय, हात लावायचा नाही, मग तुम्ही कितीही जुने फिटर असा.

वास आला नाही म्हणजे गॅस नाही

दाभोळहून बेंगळुरूकडे नैसर्गिक वायूची लाइन जाते, उरणहून चाकणकडे एलपीजीची. घरच्या सिलिंडरमधल्या गॅसला वास मुद्दाम घातलेला असतो. लांब पल्ल्याच्या लाइनीतल्या नैसर्गिक वायूला तो पुष्कळदा नसतो. तेव्हा नाकावर विसंबू नका, डोळे आणि कान वापरा. हिरव्या पट्ट्यात मधेच पिवळं पडलेलं गवत, जमिनीतून फूसफूस आवाज, भरलेल्या खाचरात एकाच जागी न थांबता वर येणारी बुडबुड्यांची रांग. चिखलातून अधूनमधून बुडबुडे येतातच, त्यांचं काही नाही. न थांबणारी रांग दिसली की बांधावरून मागे फिरा आणि मार्करवरचा, म्हणजे लाइनीवर रोवलेल्या खुणेच्या खांबावरचा, नंबर लावा. एलपीजीची गळती असेल तर 1906, आणि काहीच आठवलं नाही तर 112.

आणि वास येत होता तो यायचा थांबला, तरी गळती थांबली असं समजू नका. नाक थकतं.

"तो वास नेहमीचाच आहे"

आंध्रात नगरम गावात 27 जून 2014 ला पहाटे गॅसची लाइन फुटून पेटली. वीसहून जास्त माणसं गेली. गावकऱ्यांनी गळतीची तक्रार आधीच केली होती. नेहमीचा वास असा काही प्रकार नसतो, एवढंच मी म्हणतो. रजिस्टरमध्ये "पाहिले" लिहून तक्रार बंद करणाऱ्यांना मी विचारतो: पाहिलंत, मग केलंत काय? गॅस्केट बदललं, अमुक तारखेला, अमक्यानं, असं लिहिलेलं असेल तरच मी सही करतो.

खबर देणाऱ्यालाच झापणं

ही चूक आम्हा वरच्यांची. पोरगं धापा टाकत येतं आणि पहिला प्रश्न असतो, "तू तिकडं काय करत होतास?" रोजंदारीचा माणूस तो, उद्याचा खाडा नको म्हणून पुढच्या वेळी तोंड उघडणार नाही. भोपाळनंतर, 1987 च्या दुरुस्तीनं, धोका दिसला तर बजावण्याचा कामगाराचा हक्क फॅक्टरी अ‍ॅक्टमध्ये लिहिला गेला. इतकी माणसं गमावून मिळालेला हक्क आपण एका खेकसण्यानं काढून घेतो. वर सांगितलेल्या त्या पोराची चौकशी सुरू झाली तेव्हा त्याला कामावरून काढायची भाषा झाली होती. मी अडून बसलो, कारण सगळ्यांत आधी तेल पाहणारा तोच होता. कुणाला सांगायचं हे त्याला आम्हीच कधी सांगितलं नव्हतं.

पाइपलाइनचा पट्टा आपलाच, म्हणून काहीही करणं

पाइपलाइनींसाठीच्या 1962 च्या कायद्यानं जमीन शेतकऱ्याचीच राहते, पण पाइप पुरलेल्या पट्ट्यावर घर, विहीर, टाकी बांधता येत नाही आणि झाडं लावता येत नाहीत. काजू-आंब्याची कलमं लावू नका, मुळं पाइपाचं वेष्टन फोडतात. शेजारी चिऱ्याची खाण सुरू झाली, जेसीबी उतरला, पावसानं दरड सरकून पाइप उघडा पडला, मार्कर वाहून गेला, तर तेही कळवा. त्याला गळती म्हणत नाहीत, म्हणून कुणी कळवत नाही. लाइनवर पायी फिरणारा माणूस रोज सगळीकडे पोचत नाही, बांधावर तुम्हीच असता.

दर मे महिन्यात मी आमच्या हद्दीतले मार्कर पायी फिरून बघतो, वाढलेली करवंदांची जाळी कापून घेतो आणि प्रत्येकावरचा नंबर तिथल्या तिथं लावून पाहतो. गेल्या मे महिन्यात दोन मार्करवरचा शेवटचा आकडा खाऱ्या वाऱ्यानं पुसला गेला होता. रंगाचा डबा बरोबर होता, उभ्या उभ्या रंगवून घेतला.