सोसायटीतल्या मुलांना फर्मा कसा सांगावा

मे महिन्याच्या सुट्टीत घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत आठवी-नववीच्या मुलांसाठी गणितावर तासाभराचा कार्यक्रम ठरला, तेव्हा मी सतराव्या शतकातील फ्रेंच गणितज्ञ पिएर द फर्मा हा विषय घेतला आणि पहिल्या वर्षी तो साफ फसला. सुरुवातच मी साडेतीनशे वर्षे न सुटलेल्या कोड्यापासून केली होती. ते कोडे सुटले कसे, हे फळ्यावर दाखवणे मला शक्य नव्हते आणि दहाव्या मिनिटाला मागची रांग पाण्याच्या बाटल्यांशी खेळू लागली. दुसऱ्या वर्षी मी क्रम उलटा केला. तोच येथे देतो.

प्रारंभ फ्लॅटच्या नंबरांपासून करावा. प्रत्येक मुलाला आपला नंबर वहीत लिहून तो दोन वर्गसंख्यांची बेरीज म्हणून मांडता येतो का, हे पाहायला सांगावे. १०१ म्हणजे १०० अधिक १, ४०१ म्हणजे ४०० अधिक १, ६०१ म्हणजे ५७६ अधिक २५. बाराव्या आणि तेराव्या मजल्यावरची मुले असतील तर फारच उत्तम, कारण १२०१ ही २४ आणि २५ यांच्या वर्गांची, तर १३०१ ही २५ आणि २६ यांच्या वर्गांची बेरीज आहे. १०३, ५०३ किंवा १३०३ वाल्यांचे मात्र काही केल्या जमत नाही. त्यांना थोडा वेळ झगडू द्यावे, उत्तर लगेच सांगू नये.

मग कारण त्यांच्याकडूनच काढून घ्यावे. सम संख्येच्या वर्गाला ४ ने भागल्यास बाकी ० उरते आणि विषम संख्येच्या वर्गाला भागल्यास १. म्हणून दोन वर्गांच्या बेरजेत ०, १ किंवा २ एवढीच बाकी संभवते, ३ कधीच नाही. शेवटचे दोन अंक ०३ असले की बाकी ३ येते आणि दार बंद होते. एवढी सिद्धता आठवीतले मूल स्वतः लिहू शकते. उलट बाजू, म्हणजे ४ ने भागून १ उरणारी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांत मांडता येतेच, ही अवघड आहे. (३०१ वाले तक्रार करतील, ती संख्या ७ गुणिले ४३ आहे, मूळ नाही, हे त्यांनाच शोधू द्यावे.) फर्माने हे विधान २५ डिसेंबर १६४० च्या पत्रात पॅरिसच्या मेर्सेन या विद्वानाला कळवले, पण पूर्ण सिद्धता पुढच्या शतकात स्विस गणितज्ञ ऑयलरने दिली.

येथे माणसाची ओळख करून द्यावी, आणि ती थोडक्यात. तो चामड्याच्या व्यापाऱ्याचा मुलगा. १६३१ पासून तुलूझच्या उच्च न्यायालयात सल्लागार होता आणि गणित हा त्याचा फावल्या वेळचा उद्योग होता. दिवसभर कचेरी सांभाळायची आणि रात्री नाटकाच्या तालमीला बसायचे, ही जातकुळी ठाणेकरांना समजावून सांगावी लागत नाही. त्याने जवळजवळ काहीच छापले नाही, सारे पत्रांतून कळवले. १६५४ मध्ये फ्रेंच गणितज्ञ पास्कालशी झालेल्या अशाच पत्रव्यवहारातून संभाव्यतेच्या गणिताचा पाया पडला. १६५३ च्या सुमारास प्लेगमध्ये तो गेल्याची बातमीही पसरली होती, पण त्यानंतर तो १६६५ पर्यंत जगला.

१६५७ चे आव्हान मात्र वगळू नये. ६१ ला एका वर्गाने गुणून १ मिळवल्यावर पुन्हा वर्गच यावा, अशी संख्या त्याने मागितली होती. सर्वांत लहान उत्तर २२६१५३९८० (जिच्या वर्गाने गुणायचे) आणि १७६६३१९०४९ (जिचा वर्ग येतो) ही जोडी आहे आणि भास्कराचार्यांनी तीच जोडी चक्रवाल या जुन्या भारतीय पद्धतीने ११५० च्या सुमारास काढलेली होती. फर्माला याची कल्पना नव्हती. चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांच्या नातवाने कोरवलेला शिलालेख आहे, हे सांगितले की खानदेशातून ठाण्यात आलेली घरे कान टवकारतात.

साडेतीनशे वर्षे न सुटलेले ते कोडे, म्हणजे फर्माचे अखेरचे प्रमेय, यानंतर घ्यावे. दोनपेक्षा मोठ्या घातांकासाठी दोन पूर्ण घातांची बेरीज तसाच पूर्ण घात होत नाही, असे फर्माने प्राचीन ग्रीक गणितज्ञ डायोफँटसच्या ग्रंथाच्या समासात, म्हणजे पानाच्या कडेच्या कोऱ्या जागेत, लिहिले आणि सुंदर सिद्धता आहे, पण समास अपुरा पडतो, असे वर जोडले. ही नोंद १६७० मध्ये त्याच्या मुलाने छापली. त्याच्याजवळ खरोखरच पूर्ण सिद्धता होती, असे मुलांना सांगू नये. घातांक ४ साठीची पद्धत त्याच्या लिखाणात आढळते, पण सर्वसाधारण सिद्धता कोठेही नाही. ब्रिटिश गणितज्ञ अँड्र्यू वाइल्स यांनी जून १९९३ मध्ये केंब्रिजला सिद्धता जाहीर केली, तीत त्रुटी निघाली, ती १९९४ मध्ये रिचर्ड टेलर यांच्या साहाय्याने दूर झाली आणि १९९५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्यातले गणित सांगण्याच्या फंदात पडू नये.

शेवटची पंधरा मिनिटे फर्माच्या चुकीसाठी राखून ठेवावीत. ३, ५, १७, २५७, ६५५३७ या मूळ संख्यांवरून (प्रत्येकीतून १ वजा करून वर्ग करावा आणि १ मिळवावा, की पुढची येते) पुढचीही, म्हणजे ४२९४९६७२९७, मूळच असणार असे त्याला वाटले. १७३२ मध्ये ऑयलरने तिला ६४१ ने भाग जातो हे दाखवले. मोबाइल बाजूला ठेवून हा भागाकार कागदावर करायला लावावा. भागाकार ६७००४१७ येतो, आणि ज्याची बाकी सर्वांत आधी शून्य येईल त्याला फळ्यावर येऊन ती लिहू द्यावी.