शाकुहाची जोडताना आणि जपताना: नवशिक्यांसाठी

शाकुहाची, म्हणजे जपानची उभी बांबूची बासरी, हातात आल्यावर पहिल्या महिन्यात एक तक्रार हमखास येते. वरचे स्वर कसेबसे निघतात, पण सगळी छिद्रं बंद केली की नुसती फुस्स! मग ओठांना बोल लावले जातात, फुप्फुसांना लावले जातात, आणि जोर लावून फुंकत बसल्यामुळे चक्कर येते ती वेगळीच. अशा वेळी आधी नळीकडे बघावं. कुठेतरी हवा गळत असते, आणि ती जागा शोधायला पाच मिनिटं पुरतात.

वाद्याचं माप त्याच्या नावातच आहे. शाकु म्हणजे 30.3 सेंटीमीटर आणि त्याचा दहावा भाग म्हणजे सुन. नवशिक्यांना देतात ती ‘इश्शाकु हास्सुन’, म्हणजे 1 शाकु 8 सुन, साधारण 54.5 सेंटीमीटरची. पुढे चार छिद्रं, मागे अंगठ्यासाठी एक. सगळी बंद ठेवून सुरुवात केली आणि खालून एकेक छिद्र उघडत गेलं की रो, त्सु, रे, चि, रि असे स्वर मिळतात (तोझान या वादनपरंपरेत शेवटच्याला ‘हा’ म्हणतात). पेटीवर पांढरी दोनचा सा धरला, तर हे सा, कोमल ग, म, प, कोमल नी होतात. म्हणजे थेट धानी रागाचे स्वर. तानपुऱ्याचं ॲप पांढरी दोनवर लावून सराव करता येतो. फक्त जपानी ‘रे’ हा आपला रिषभ नव्हे, तो इथे मध्यम आहे, हे डोक्यात पक्कं करून ठेवा.

हात फार लहान असतील तर 1.6 शाकुची नळी सोपी जाते. पण शिकण्याचं बहुतेक साहित्य 1.8 साठी असतं, त्यामुळे जमत असेल तर तीच घ्यावी. सुरुवातीला एबीएस प्लास्टिकची किंवा लाकडी घेण्यात काहीही कमीपणा नाही. ‘यू’ नावाची एबीएसची शाकुहाची याच कामासाठी आहे. बांबूची स्वस्तात मिळते आहे म्हणून घेऊ नका. त्यातल्या कित्येक दिवाणखान्यात टांगायच्या लायकीच्या असतात. घ्यायचीच असेल तर वरच्या टोकाची तिरकी कापलेली धार आधी बघा. तिला उतागुची म्हणतात. चांगल्या वाद्यात तिथे बहुधा म्हशीच्या शिंगाचा तुकडा बसवलेला असतो, किन्को या दुसऱ्या परंपरेत कोनदार, तोझान पद्धतीत चंद्रकोरीसारखा. धारेला टवका उडालेला असेल तर बाकी काही बघायची गरज नाही.

आता जोडणी. दोन तुकड्यांच्या वाद्यातला सांधा (नाकात्सुगि) डाव्या आणि उजव्या हाताच्या मधे येतो. वरच्या तुकड्यात डाव्या हाताची तीन छिद्रं, खालच्यात उजव्या हाताची दोन. आधी सांध्याची आत जाणारी बाजू आणि तिची खोबण, दोन्ही कोरड्या फडक्याने पुसून घ्या. धुळीचा एक कण मधे राहिला तरी लाखेवर ओरखडा उठतो. मग दोन्ही तुकडे सांध्याच्या जवळ धरा. वरचा तुकडा उतागुचीपाशी धरून जोर लावायचा नाही. तुकडे एका सरळ रेषेत ठेवून, एकाच दिशेने, हळू पिळत आत सरकवायचे. डावीकडे-उजवीकडे हलवत, खटखट करत घातलं की खोबणीच्या कडेवर ताण येतो आणि तिथून बांबू चिरतो. तुकडे वेगळे करतानाही पिळूनच काढायचे.

सांधा पूर्ण बसला पाहिजे, मधे फट नको. पाश्चात्त्य बासरीत स्वर उतरवण्यासाठी डोक्याचा भाग थोडा बाहेर ओढतात. ती युक्ती इथे चालत नाही. सांधा ओढला की आतल्या पोकळीत एक खाच तयार होते, छिद्रांमधलं प्रमाण बिघडतं आणि एक स्वर सुधारताना दुसरे दोन बिघडतात. इथे स्वर हनुवटीने लावायचा असतो: हनुवटी खाली घेतली (मेरि) की उतरतो, वर उचलली (कारि) की चढतो. जपानीत म्हणच आहे, मान हलवायला शिकण्यात तीन वर्षं, ‘कोरो’ (‘कोरो-कोरो’ असा थरथरता आवाज) जमायला आठ.

पुढची छिद्रं उतागुचीच्या मध्याशी एका रेषेत आणा. दोन्ही तुकडे एकाच बांबूचे असतील तर सालीवरच्या रेषाही जुळतात. उजव्या हाताची अनामिका सगळ्यात खालच्या छिद्रावर सपाट बसत नसेल तर खालचा तुकडा दोन-तीन मिलिमीटर फिरवून बघा. ज्या बाजूला ती आरामात बसते ती तुमची बाजू. बांबूवर पेन्सिलीची बारीक खूण करून ठेवली की रोज शोधाशोध करावी लागत नाही.

गळती शोधण्याची रीत अशी. रो फुसका पण त्सु स्वच्छ, तर दोष सगळ्यात खालच्या छिद्रावरच्या अनामिकेचा. बोटाचं टोक टेकवू नका, पेराचा मांसल भाग ठेवा. आपली बासरी वाजवणाऱ्यांना हे लगेच कळेल. रो आणि त्सु दोन्ही खराब पण रे चांगला, तर उजव्या तर्जनीकडे बघा. रो, त्सु, रे तिन्ही अशक्त आणि चिपासून वर सगळं मोकळं, तर आधी डावी अनामिका नीट बसली आहे ना ते बघा, ती ठीक असेल तर संशय सांध्यावर घ्यायचा. कारण चि वाजवताना हवेचा स्तंभ सांध्याच्या वरच संपतो, खाली गळती असली तरी त्याला फरक पडत नाही. खात्री करायला सांध्यावर बाहेरून स्वयंपाकघरातल्या क्लिंग फिल्मचे दोन-तीन घट्ट वेढे द्या. रो एकदम भरून आला तर दोषी सापडला. वरचेही स्वर अशक्त असतील, तर डावी तर्जनी आणि मागचा अंगठा तपासा. अंगठा नकळत सरकतो आणि मागे असल्यामुळे दिसत नाही.

सैल सांध्यावर तात्पुरता उपाय म्हणजे आत जाणाऱ्या टोकावर पातळ कागदाची पट्टी, मेण लावलेला सुती दोरा, किंवा नळाला गुंडाळतात त्या पांढऱ्या टेफ्लॉन टेपचा एक वेढा. एकच! तीन वेढे देऊन ठोकून बसवलेला सांधा खोबण फाडतो. सांधा घट्ट असेल तर तेल लावू नका. बांबू ते शोषतो. पावसाळ्यात सांधा आपोआप घट्ट होतो. एखादा दिवस कोरड्या खोलीत ठेवला तर सुटतो. त्यानेही भागलं नाही तर मेणबत्तीचं मेण नखाएवढं घासावं. एबीएसच्या वाद्याच्या सांध्यावर रबरी कडी असेल तर ती मळली की धुवा, चिरली की बदला.

जोडणी कळली तरी पहिला आवाज मात्र फक्त वरच्या तुकड्यावर काढा, सगळी छिद्रं उघडी ठेवून. ही नळी आडवी नाही आणि तिला बूचही नाही. वरचं उघडं तोंड खालच्या ओठाने आणि हनुवटीने झाकायचं, समोर धारेपाशी थोडी फट ठेवायची आणि हवेची चपटी, बारीक धार त्या कडेवर सोडायची. नळी किंचित वर-खाली कलवत राहा, जोर वाढवू नका. पाच मिनिटं फुंकून दोन मिनिटं थांबा. हे जमल्यावर खालचा तुकडा जोडून रोवर लांब श्वास धरायचा, आणि पुढचे काही महिने रोज त्यानेच सुरुवात करायची.

वाजवून झाल्यावर आतला ओलावा काढायचा. दोरीच्या एका टोकाला छोटं वजन आणि दुसऱ्या टोकाला मऊ सुती किंवा रेशमी फडकं असतं, त्याला त्सुयुतोशि म्हणतात. वजन वरच्या तोंडातून, धारेला न आपटता सोडायचं आणि खालून सरळ ओढायचं. नळी खालच्या भागात अरुंद होत जाते. जाड फडकं नेमकं तिथे अडकतं आणि मग कोणीतरी काठीने ढोसून आतली लाख खरवडतो. म्हणून फडकं पातळ हवं आणि त्याच्या मागच्या टोकालाही एक दोरी बांधलेली हवी, म्हणजे अडकलं तर उलटं ओढता येतं. मग तुकडे वेगळे करून सांधा पुसा. जोडलेलं वाद्य रात्रभर ठेवलं तर ओल सांध्यात राहते.

आपल्या बांबूच्या बासरीला मोहरीचं तेल पाजायची सवय असेल तर इथे हात आवरा. बहुतेक शाकुहाचींच्या आतून ‘जि’ नावाचा लेप आणि त्यावर उरुशी लाख असते. तिथे तेल मुरत नाही, चिकट थर होऊन धूळ धरतं. उरुशी हा बिब्ब्याच्या कुळातल्या झाडाचा चीक. नीट वाळलेली लाख सहसा त्रास देत नाही, पण अगदी नवीन वाद्यावर ओठाला खाज किंवा पुरळ आलं तर वाजवणं थांबवून डॉक्टरांना दाखवा. एबीएसच्या नळीला ही कटकट नाही. कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब पुरतो. उकळतं पाणी नको, आणि उन्हातल्या गाडीत तर कुठलीच नळी ठेवू नका.

बांबूचा खरा शत्रू कोरडी हवा, आणि त्याहून वाईट म्हणजे हवेतला अचानक बदल. आतून श्वासाची ओल मिळते, बाहेरून एसी सुकवतो, आणि नळी लांबीत चिरते. थंड खोलीत आधी ती पाच मिनिटं हातात धरून कोमट होऊ द्या, मग फुंका. यात स्वराचाही फायदा आहे: हवेचं तापमान 1 अंशाने वाढलं की स्वर साधारण 3 सेंट चढतो (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग), त्यामुळे थंड नळी सुरुवातीला उतरलेलीच बोलते. मुंबई-कोकणात जूनपासून काळजी बुरशीची. तिथे वाद्य पूर्ण सुकल्याशिवाय पिशवीत घालू नये आणि आठवड्यातून दोनदा बाहेर काढावं. नागपूर, छत्रपती संभाजीनगरकडच्या मे महिन्यात उलट करायचं. कोरडी पुसलेली नळी झिपलॉक पिशवीत ठेवायची आणि सोबत भोकं पाडलेल्या साबणदाणीत ओलसर, पण निथळत नसलेला स्पंज. छोटा आर्द्रतामापक पिशवीत टाकला तर अंदाज लागतो. 50 टक्क्यांच्या खाली काटा गेला की स्पंज ओला करा. परदेशात हीटर लावलेल्या घरांत हिवाळाभर हेच करावं लागतं.

पिशवीत पिठासारखी बारीक भुकटी दिसली तर बांबूला कीड लागली आहे. ते वाद्य बाकीच्यांपासून लगेच वेगळं ठेवा. आणि रो एका रात्रीत अशक्त झाला, सांधा ठीक आहे, बोटंही ठीक आहेत, तर नळी उजेडात फिरवून केसासारखी रेघ शोधा. सापडली तर वाजवणं बंद, वरून क्लिंग फिल्म गुंडाळून ठेवा आणि कारागिराला दाखवा. तो दोऱ्याचे घट्ट वेढे घालून चीर बांधतो, आणि अशी बांधलेली वाद्यं वर्षानुवर्षं वाजतात. घरी त्या चिरेत झटपट चिकटणारा गोंद ओतू नका. नंतर बांधणाऱ्याला तो आधी खरवडत बसावा लागतो.