टाकी कुठे ठेवायची, इथून सुरक्षा सुरू होते

"ताई, तिकडं बुलेटप्रूफ जॅकेट देतात का?" परवा उदगीरच्या एका मुलाचा फोन आला. सिव्हिल इंजिनिअर आहे. एका मदतसंस्थेकडून आफ्रिकेतल्या चाड देशाच्या पूर्व भागात, निर्वासितांच्या छावण्यांत पाणीपुरवठ्याच्या कामाला निघालाय. मी म्हटलं, जॅकेटचं नंतर बघू, आधी सांग, फ्रेंच किती येतं? गप्प झाला. त्याला फोनवर तासभर जे सांगितलं तेच इथे लिहितेय, म्हणजे पुढच्याला लिंक पाठवून मोकळी होईन.

मी लातूरची. पाण्याच्या रांगेत सुरक्षा म्हणजे काय, ते मी आफ्रिकेत नाही, घरी शिकले. २०१६ च्या मार्चमध्ये आमच्याकडे पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. १४४ कलम, तेही पाण्यासाठी! पुढच्या महिन्यात मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. तेव्हा मी टँकरच्या नियोजनात होते. हंड्यावरून डोकी फुटतात हे डोळ्यांनी पाहिलं होतं, म्हणून २०२३ च्या अखेरीस चाडमधल्या आद्रेला उतरले तेव्हा अर्धं काम ओळखीचं वाटलं. (आई म्हणाली, "चाड? नाव तरी बरंय, कुणाला तरी चाड आहे.")

आद्रे हे अगदी सीमेला टेकलेलं गाव. पलीकडे सुदानचा दारफूर प्रांत, आणि सुमारे ३० किलोमीटरवर तिथलं अल-जिनैना शहर. एप्रिल २०२३ मध्ये सुदानात युद्ध पेटलं. जूनमध्ये जिनैनातून मसालित जमातीच्या लोकांचे लोंढे आले आणि आद्रेच्या रुग्णालयात तीन दिवसांत साडेआठशेहून अधिक जखमी पोचले. लोक काटक्या आणि लुगडी ताणून जागा मिळेल तिथे बसले. छावणी सीमेपासून ५० किलोमीटर तरी आत असावी, असा दंडक आहे. म्हणून लोकांना फर्शाना, अर्कुम, मेत्शे अशा आतल्या छावण्यांत हलवायचं काम सुरू होतं. पण पलीकडे नवरा, भाऊ, शेत राहिलेलं माणूस सीमेपासून सहज हलत नाही. हे त्यांच्यावर चिडण्याआधी समजून घ्या.

आता कामाचं.

घर सोडण्यापूर्वी संस्था एक फॉर्म भरून घेईल. त्यात असे प्रश्न लिहायचे असतात ज्यांची उत्तरं फक्त तुम्हाला आणि घरच्यांना माहीत आहेत. अपहरण झालंच, तर माणूस जिवंत आहे याची खात्री त्यावरून करतात. पाकीट बंद होऊन कचेरीत राहतं. शाळेचं, कुत्र्याचं नाव लिहू नका, ते फेसबुकवर सापडतं. मी आजोळच्या एका भांडणावरचा प्रश्न लिहिला. कुठलं भांडण ते इथे सांगणार नाही, उघडच आहे. आईला मात्र हे सगळं बसून समजावून सांगा. मी नुसतं "फॉर्म आहे" म्हटलं आणि तिला दुसऱ्याकडून कळलं, तेव्हा आठ दिवस बोलली नाही.

पाण्याची जागा. स्फिअरचे, म्हणजे मदतकार्याच्या जगभर मानल्या जाणाऱ्या किमान निकषांचे, आकडे पाठ करा: एका नळामागे जास्तीत जास्त २५० माणसं, घरापासून नळ ५०० मीटरच्या आत, रांगेत अर्ध्या तासाहून जास्त वेळ नको, शौचालय ५० मीटरच्या आत. हे आकडे आरोग्याचे म्हणून शिकवतात. मी ते सुरक्षेचे म्हणून वाचते. माझी पहिली चूक इथेच झाली. टँकरला वळायला सोपं म्हणून मी टाकी वस्तीच्या टोकाला, रस्त्यालगत बसवली. नळ उत्तम चालले. पण दुपारपर्यंत पाणी संपायचं, म्हणून बायका पहाटे अंधारातच कॅन मांडून ठेवायच्या आणि राखायला लेकी बसवायच्या. वस्तीच्या टोकाला, रस्त्यालगत, अंधारात, बारा-तेरा वर्षांच्या मुली. मला हे नकाशावर दिसलं नाही. आमच्या सुईणबाईंनी दुभाष्यामार्फत सांगितलं, तेही मी तिसऱ्यांदा विचारल्यावर. टाकी आत हलवली, टँकर दिवसातून दोनदा केला, पहिली खेप उजाडल्यावरच. टँकरवाला कुरकुरला, कुरकुरू दे.

तेव्हा जागा ठरवण्याआधी बायकांना वेगळं बसवून विचारा. शेख आणि गटप्रमुखांच्या बैठकीत त्या बोलत नाहीत. "भीती वाटते का?" असं विचारू नका. "अंधार पडल्यावर कुठे जात नाही?" असं विचारा. उत्तर लगेच येतं. शौचालयाला आतून कडी, वाटेवर सौरदिवा, ही कामं कुंपणाच्या आधी. सरपणाचंही तेच. दारफूरच्या निर्वासित बायकांवर २००४ पासून कितीतरी हल्ले सरपणाच्या वाटेवर झालेत. कमी लाकडात चालणारी चूल वाटणं हे म्हणून सुरक्षेचं काम आहे, भले ते दुसऱ्या विभागाकडे असो.

आणि शेजारच्या गावाला विसरू नका. त्यांची विहीर तुमच्या छावणीने आटते, त्यांच्या ज्वारी-बाजरीच्या रानातून तुमचे टँकर जातात. आपल्याकडे दुसऱ्या गावचा टँकर आपल्या वेशीतून भरून गेला तर काय होतं, आठवा. दोन नळ गावाच्या बाजूला काढा. माझ्या मते बंदूकधारी पहाऱ्यापेक्षा ते दोन नळ जास्त उपयोगी पडतात.

पहाऱ्याचं निघालं म्हणून. इथे तो प्रयोग झालेला आहे. २००७ मध्ये सुरक्षा परिषदेच्या १७७८ क्रमांकाच्या ठरावाने मिनुरकॅट ही संयुक्त राष्ट्रांची मोहीम आली. तिने चाडचेच सुमारे ८५० पोलीस आणि जांदार्म (निमलष्करी पोलीस) निवडून, शिकवून छावण्यांच्या आणि मदतवाल्यांच्या रक्षणाला नेमले. त्या काळात मदतसंस्थांच्या गाड्या पळवणं हा धंदाच झाला होता. १ मे २००८ ला फर्शानाजवळ एका ब्रिटिश संस्थेच्या चाडमधल्या प्रमुखाला रस्त्यात गोळी घातली गेली. २०१० च्या अखेरीस मोहीम गेली, चाडी पोलीस उरले. संयुक्त राष्ट्रांच्या गाड्या बहुधा त्यांच्याबरोबर जातात. काही वैद्यकीय संस्था मात्र शस्त्रधारी माणूस गाडीत तर सोडाच, दवाखान्याच्या फाटकाआतही घेत नाहीत. तुमच्या संस्थेचं धोरण काय ते पहिल्याच दिवशी विचारा आणि मग त्यात अधलंमधलं करू नका. एका दिवशी पहारा घेऊन आणि दुसऱ्या दिवशी न घेता गेलात, तर लोकांना वाटतं आज गाडीत पैसे आहेत.

रस्ता हा सगळ्यांत मोठा धोका, आणि त्यातही गोळीपेक्षा वेग आणि वादी. वादी म्हणजे कोरडी नदी. जूनअखेर पाऊस सुरू झाला की सकाळी वाळू, दुपारी छातीएवढं पाणी. आपल्या ओढ्यासारखंच, फक्त अलीकडे-पलीकडे दिवसभर काही येत नाही. दोन गाड्यांशिवाय निघायचं नाही. निघताना, प्रत्येक ठरलेल्या टप्प्यावर आणि पोचल्यावर रेडिओवर कळवायचं. अर्धी टाकी डिझेल झालं की भरायचं. चालक "आज नको" म्हणाला की त्या दिवशी जायचं नाही, कारण विचारत बसायचं नाही. तो कारण सांगू शकेलच असं नाही. कदाचित त्याचा मेहुणाच पुढच्या गावात आहे.

चौकीवर वेग कमी, काच खाली, गॉगल काढलेला, हात दिसतील असे. फोन आणि रेडिओ हातात नको. चालक बोलेल, तुम्ही सलाम करून गप्प बसा. प्रवासाचा परवाना आणि ऑर्द्र द मिसियाँ (कामावर पाठवल्याचं संस्थेचं पत्र) यांच्या चार-चार प्रती ठेवा, कुणीतरी एक ठेवून घेतंच. सैनिकाला गाडीत लिफ्ट द्यायची नाही. हे सांगताना लाज वाटते, उन्हात उभा असतो बिचारा, तरी नाही. कुणी गाडीच मागितली तर किल्ली द्या, सावकाश उतरा, मागे बघू नका. लँडक्रूझर संस्थेची आहे, जीव तुमचा.

फोटो काढू नका. सीमेचे, सैनिकांचे तर नाहीच, पण निर्वासितांचेही नाही. पलीकडे राहिलेल्यांना त्या चेहऱ्यांची किंमत मोजावी लागू शकते. वस्तीच्या याद्या, नावं आणि टोळी असलेले कागद, व्हॉट्सॲपवर पाठवू नका. आमच्यात एकाने सोयीसाठी पाठवली होती. ती परत घेता येत नाही.

रात्री बूट खाटेखाली, टॉर्च उशाशी, पळायची पिशवी दाराजवळ: पासपोर्ट, पाणी, औषधं, थोडे डॉलर आणि थोडे सीएफए फ्रँक, म्हणजे तिथलं चलन. गोळीबार ऐकू आला तर खिडकीशी जाऊन बघायचं नाही. जमिनीवर आडवं व्हायचं, बाहेर आणि आपल्यात दोन भिंती राहतील अशा जागी. पहिल्यांदा मी खिडकीशीच गेले होते. वॉचमनने हात धरून ओढलं.

त्या वॉचमनचं आता. विमानाने बाहेर काढायची वेळ आली की तुमचं नाव यादीत असतं, त्याचं नसतं. जगभर मारल्या जाणाऱ्या मदत कर्मचाऱ्यांत बहुसंख्य स्थानिकच असतात. म्हणून बैठकीत विचारा: आपण गेलो तर यांचा पगार किती महिन्यांचा आगाऊ देणार, रेडिओ कुणाकडे राहणार, त्यांच्या घरच्यांना हलवायचं झालं तर गाडी कोणती. मी विचारलं तेव्हा खोलीत शांतता पसरली. उत्तर यायला तीन आठवडे लागले, पण लेखी आलं.

उदगीरच्या मुलाने शेवटी विचारलं, परत आल्यावर काय करायचं? म्हटलं, महिनाभर फटाक्यांपासून लांब राहा, आणि कचेरीतून ते प्रश्नांचं पाकीट मागून घेऊन फाड. पुढच्या खेपेला नवे प्रश्न लिही.